व्यवहारवाले सर

तायडे सरांच्या खोलीवरची पाटी हिंदीत होती, 'व्यवहार विशेषज्ञ'. हिंदीत व्यवहार म्हणजे वागणूक. पण आमच्या बुऱ्हाणपुरात पाटी हिंदीत वाचतात आणि अर्थ मराठीत लावतात. त्यामुळे मी त्यांच्या शाळेत रुजू झाले त्याच सकाळी शाहपूरकडचा एक केळीवाला शेतकरी जमिनीचे कागद काखोटीला मारून दारात उभा राहिला. म्हणाला, "भावासंगं वावराचा व्यवहार अडकला, सर. तुम्ही म्हने त्यातले मोठे जानकार आहे."

कोणीही समजदार माणूस त्याला वकिलाचा पत्ता देऊन मोकळा झाला असता. सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "भांडन झालं ते राहू द्या. त्याच्या पह्यले काय झालं?" तो माणूस तासभर बोलत राहिला. बांध, आईचं आजारपण, वहिनीचं कधीतरी न बोलावणं, असं मागं मागं जात शेवटी डोळे पुसून उठला. कागद उघडलेसुद्धा नाहीत. तो गेल्यावर मला हसू आवरेना. मी पुण्याहून मानसशास्त्रात एम. ए. करून, वर एक पदविका घेऊन, लग्नामुळे या गावात येऊन पडले होते, आणि माझे वरिष्ठ जमिनीचे तंटे सोडवत बसले होते.

"हासता कायले, निकम मॅडम?" सर म्हणाले. "बरोबर ठिकानी आला तो. आपलं काम बी व्यवहारच आहे. पोरगं काही देते, त्याले काही भेटते. काय देते अन् काय भेटते, एवढं समजलं का झालं आपलं काम."

मी नाक मुरडलं. तेव्हा मी दिवसातून दहादा नाक मुरडत असे आणि त्यात मला काही वावगं वाटत नसे.

सर दिसायलाही काही विशेषज्ञ वगैरे वाटत नसत. अर्ध्या बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट, खिशात टोपण हरवलेली दोन पेनं, त्यातल्या एकाचा डाग कायमचा खिशाच्या तळाशी. मिलमध्ये वीस वर्षं जॉबर होते, म्हणजे मागावर काही बिघडलं की दुरुस्तीला धावणारा माणूस. मिलच्या आवाजानं कान गेलेले. त्यामुळे स्वतः मोठ्यानं बोलत आणि समोरच्यालाही मोठ्यानं बोलायला लावत. गुप्त म्हणून सांगितलेली गोष्ट आमच्या खोलीतून थेट तिसरीच्या वर्गात ऐकू जाई. मिल बंद पडल्यावर चाळिशीत त्यांनी इंदूरला जाऊन विशेष मुलांच्या शिक्षणाची पदविका केली. "मागाचा जॉबर होतो, आता पोरांचा झालो," असं सांगत. मला ते ऐकून शहारे येत. मुलं म्हणजे काय मशिनं आहेत?

पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "धागा तुटला त जॉबर धाग्याले थापड मारत नाही, मॅडम. मांगं जाऊन पाह्यते. धागा जिथं तुटते तिथं बिघाड नसते कधी."

त्यांची काम करण्याची रीत तर बघवत नसे. नवीन मूल आलं की त्याच्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसायचे, उजवा तळहात जमिनीवर पालथा टेकवायचे आणि मांडीवर वही उघडायचे. वहीत तीन रकाने, आधी, मग, नंतर. मूल ओरडलं की 'मग'मध्ये लिहायचे. पण 'आधी'चा रकाना भरल्याशिवाय उठायचे नाहीत, मग मधली सुट्टी होवो की शाळा सुटो. आणि मोठ्या माणसांचीही पानं असायची. शिपाई, शिक्षिका, पालक, सगळ्यांची. "वागनं काय पोरंच करतात?" हे त्यावरचं उत्तर.

शाळा गावातल्या लालबाग भागात होती. नाव सांगत नाही, कारण तशा शाळा गावोगाव आहेत. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'हर बच्चा ख़ास है' आणि आत प्राचार्य साहेब. साहेबांना खास मुलं पाटीवर फार आवडत. वर्गात बसलेली आवडत नसत. आमचा विभागही त्या पाटीचाच भाग होता, ट्रस्टचे लोक आले की दाखवायला.

दुसऱ्या वर्षी भाविका आली. आठ वर्षांची, तिसरीत. बोलायची नाही म्हटलं तरी चालेल. दोन-चार शब्द, तेही तिच्या मर्जीनं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमची गल्ली आहे, तिथं तिचे वडील संतोष लूम चालवायचे. खाली लूम आणि वरच्या खोलीत बिऱ्हाड. पहिल्या दिवशी तिची आई रेखा माझ्यासमोर पदर सावरत बसली. माझ्याकडे छापील प्रश्नावली होती. मी विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का हिला?"

"आवाजाचं लई आहे तिचं, मॅडम," रेखा म्हणाली. पुढं काहीतरी सांगू लागली होती. मी मान हलवली, किंचित हसले आणि लिहिलं, 'ध्वनीबाबत अतिसंवेदनशील'. मग पान उलटलं. तिच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नसे, आणि जे कळत नसे ते महत्त्वाचं नसणार अशी माझी पक्की समजूत होती.

पंधरा दिवसांत भाविकाचं सुरू झालं. चांगली बसलेली असायची, आणि एकाएकी स्वतःचं मनगट चावायची. रक्त येईपर्यंत. कोणी सोडवायला गेलं तर त्याला चावायची. मी लगेच आराखडा केला. माझे आराखडे फार देखणे असत, तिरंगी पेनांनी काढलेले. संवेदनशील मुलाला गोंगाटापासून दूर ठेवायचं हे पुस्तकात होतंच. शाळेच्या पुढच्या टोकाला, भांडारघराच्या आत एक खोली होती. तिथं सतरंजी घातली, खिडकीला जाड पडदा लावला आणि दारावर फुलाफुलांची पाटी लावली, 'शांत कोपरा'. प्राचार्य साहेबांनी तिथं उभं राहून फोटो काढून घेतला.

शांत कोपऱ्यात भाविका आणखी बिघडली. आधी दिवसातून एकदा व्हायचं ते आता आत नेल्यापासून बाहेर काढेपर्यंत चालू. भिंतीवर डोकं, मनगटाला पट्टी, पट्टीवर चावा. मी वेळ वाढवला. औषध लागू पडत नाही म्हणून दुप्पट मात्रा द्यावी तसं. शेवटी एके दिवशी तिनं वर्गशिक्षिकेच्या दंडाला असा चावा घेतला की टाके पडले. दुसऱ्या दिवशी चार पालक प्राचार्यांच्या दारात. साहेबांनी संतोषला निरोप धाडला, शनिवारी या आणि मुलीला काढून नेत असल्याचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून द्या. बुऱ्हाणपुरात तिला घेणारी दुसरी शाळा नव्हती. अर्ज दिला असता तर भाविकाचं शिक्षण तिथंच संपलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. संतोषलाही.

तायडे सर तोवर खकनार तालुक्यातल्या शाळांच्या फेरीवर होते. सोमवारी आले आणि मला समोर बसवलं.

"चावली. त्याच्या पह्यले काय झालं?"

"काहीच नाही, सर. अचानक."

"अचानक म्हन्जे काय? आपन पाहत नव्हतो, त्याले तुम्ही अचानक म्हन्ता."

"मी स्वतः वर्गात होते!"

"होते ना. पन पोरीकळे पाहत होते. जिथं धागा तुटते तिथंच सारी दुनिया पाह्यते."

मंगळवारपासून ते तिसरीच्या वर्गात जाऊन बसले. त्यांच्या हट्टानं भाविकाही परत वर्गात आली. तिची जागा मागच्या भिंतीशी, आणि तिचा डावा हात कायम त्या भिंतीला चिकटलेला. सर तिच्याकडे पाठ करून फरशीवर, तळहात जमिनीवर पालथा. मुलं खुसखुसत. मीही मनात खुसखुसत होते, फक्त मला पगार मिळत होता. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी अकराच्या सुमारास सरांनी एकदम मान वर केली आणि वहीत काही लिहिलं. मी भाविकाकडे पाहिलं, ती निवांत होती. मिनिटभरानं तिनं मनगट तोंडात घातलं.

सर ओरडले, "लाईट गेली!"

"नाही हो, सर," मी म्हटलं. "पंखे चालू आहेत."

"पंखे इन्व्हर्टरवर आहे. लूम बंद पडले, लूम! हात लावा इथं."

मी फरशीला हात लावला. काहीच जाणवलं नाही. तेच तर होतं. एरवी त्या वर्गाच्या फरशीत, भिंतीत, बाकांत मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट बारीक थरथरत असते. आम्हाला सवयीनं ऐकू येत नाही, आणि बंद पडली की वर्गशिक्षिका म्हणतात, 'चला, शांत झालं, बरं वाटलं.' कान गेलेला माणूस ती तळहातानं ऐकत होता. आणि भाविका भिंतीला हात लावून ऐकत होती. जन्मल्यापासून ती त्या आवाजावर झोपली, त्या आवाजावर उठली. तो थांबला की तिचं जगच बंद पडे. आणि मी तिला उचलून, पडदा लावून, जिथं तो आवाज कधीच पोचणार नाही अशा खोलीत रोज कोंडत होते. दारावर फुलं काढून.

दुपारी आम्ही रेखाकडे गेलो. सरांनी आवाज चढवून विचारलं आणि ती तशीच ओरडून म्हणाली, "लाईट गेली का घरात बी असंच करते. मंग तिचा बाप ताटली वाजवते, लूम चालू होईपर्यंत. मी सांगू राहिली होती ना मॅडमले पह्यल्याच दिशी. तिले खटखट पाहिजे, असं सांगू राहिली होती."

सर माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. त्याचा मला जास्त राग आला.

शनिवारी प्राचार्यांच्या खोलीत ट्रस्टचे दोघं बसले होते. साहेबांनी टेबलावर हात आपटून सुरुवात केली, "यह स्कूल है, पागलखाना नहीं!" संतोष हात जोडून उभा. कागदही तयार, पेनही तयार. त्याला लिहिता बऱ्यापैकी येत होतं, पण हात उचलत नव्हता. सरांनी वही काढली. भाविकाचं पान वाचून दाखवलं, लूमच्या गल्लीतून आणलेल्या वेळा माझ्या नोंदींशी जुळवून, तारखेवार, लाईट कधी गेली आणि ती कधी चावली. ट्रस्टवाले सावरून बसले. इथं सर थांबले असते तर सगळं गोडीत झालं असतं. पण थांबतील तर ते तायडे कसले! त्यांनी पान उलटलं.

"हे दुसरं पान आहे, साहेब. आधी : खोलीत ट्रस्टचे लोक. मग : प्राचार्य टेबलावर हात आपटतात. नंतर : समोरचा माणूस सही करून देतो. असं या वर्षात नऊ वेळा झालं. ट्रस्टचे लोक नसले का साहेब एकदाही आपटत नाही. पोरीचा अन् तुमचा हिशोब सारखाच आहे, साहेब. फक्त तुमचं अजून कोनी मनावर घेतलं नाही."

एक ट्रस्टी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्या हसण्यात भाविकाला महिन्याची मुदत मिळाली. आणि त्याच हसण्यात सरांची नोकरी गेली हे मला तेव्हाच दिसलं. त्यांनाही दिसलं असणार. ते आपटणं कशासाठी असतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

महिनाभर सर एकच गोष्ट शिकवत राहिले. आवाज थांबला की चावायचं नाही, बाकावर बोटानं दोनदा वाजवायचं. तिनं वाजवलं की कोणीतरी उत्तर द्यायचं, खट-खट. बस. माझ्या तिरंगी आराखड्यापुढं हे काय होतं! पहिले आठ दिवस सर तिचा हात धरून वाजवत. नवव्या दिवशी लाईट गेली, भाविकानं मनगट तोंडाकडे नेलं, मध्येच थांबली आणि बाकावर दोनदा वाजवलं. सरांनी फरशीवरून उत्तर दिलं. मग शेजारच्या मुलीनं दिलं. मग एकेक करत सगळ्या वर्गानं. लूम बंद, आणि तिसरीचा वर्ग बाक वाजवतोय, खट-खट, खट-खट. वर्गशिक्षिका दंडावरचे टाके सांभाळत स्वतः डस्टर वाजवत होत्या. भाविका हसली. मला रडू आलं, आणि कोणी बघू नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

भाविका राहिली. सरांना पुढच्या सत्राचं नेमणुकीचं पत्र आलं नाही. साहेबांनी सांगितलं, 'अब निकम मैडम हैं ना.' म्हणजे मी. मला पाटीसकट ती खोली मिळाली.

सर शाहपूरला भावाच्या घरी राहायला निघाले, तेव्हा बसस्थानकावर त्यांनी वह्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मी दोन महिने ते उघडलं नाही. उघडलं तेव्हा माझंही पान सापडलं. वेडंवाकडं अक्षर, त्यात निळा डाग.

'निकम मॅडम. आधी : समोरच्याचं बोलणं समजलेलं नसतं. मग : मॅडम हसतात. नंतर : समोरचा गप्प होतो, आणि समजलं नाही हे कोणाला कळत नाही.'

प्रत्येक मुलाच्या पानाखाली ते उपाय लिहीत. भाविकाच्या पानाखाली 'दोनदा वाजवणे' होतं. माझ्या पानाखाली काहीच नव्हतं.

मी तडक शाहपूरची बस धरली. सर अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी उभ्याउभ्याच तोंड सोडलं. मिलमधला जॉबर, तो मला तपासणार? मी इतकी वर्षं शिकले ते काय उगाच? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे जेवढं ऐकू आलं तेवढं. मग शेंगा पुढं सरकवल्या.

"रागावले. त्याच्या पह्यले काय झालं?"

मी उलट विचारलं, "माझ्या पानाखाली उपाय का नाही लिहिला?"

"कसा लिव्हू? ज्याले वागन्यातून फायदा होऊ राहिला त्याले उपाय लागू नाही पडत. तुम्हाले अजून फायदा आहे. फायदा संपला का या, मंग सांगतो."

मी शेंगांना हात न लावता परत आले. पुन्हा गेले नाही. जाईन, जाईन म्हणत वर्ष गेलं, आणि या वर्षी केळीचे घड उतरायच्या दिवसांत निरोप आला की तायडे सर गेले. सकाळी चहा घेता घेता. आता तो उपाय मला कोण सांगणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुःखातही मी स्वतःचंच पाहिलं.

तेराव्याला अंगणात मांडव होता, समोर सरांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्याशेजारी तायडे काकू. संतोष, रेखा आणि भाविका आले होते. आमचे प्राचार्य साहेबही आले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. जेवणाआधी ते उभे राहिले आणि सरांबद्दल बोलले. समर्पण, सेवा, हमारे परिवार के सदस्य. ज्या हातानं पत्र अडवलं तोच हात छातीवर. जनाची नाही, निदान मनाची तरी असावी! मग म्हणाले, "आइए, दिवंगत आत्मा के लिए दो मिनट का मौन रखें."

सगळे उभे राहिले. माना खाली. अंगणात चिडीचूप. मी भाविकाकडे पाहिलं. तिचा हात भिंत शोधत होता, आणि मांडवाला भिंत नव्हती. मनगट वर आलं. रेखाचा चेहरा पांढरा पडला. मग मनगट खाली गेलं, भाविका वाकली आणि तिनं समोरच्या लाकडी पाटावर दोनदा वाजवलं.

खट-खट.

साहेबांनी एक डोळा उघडला. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "न्या ना तिले बाहेर. काही समजते का नाही?" दोन-तीन बायकांनी नाक मुरडलं. ते नाक मुरडणं मी ओळखलं. अगदी माझं होतं.

भाविकानं पुन्हा वाजवलं. उत्तर देणारा माणूस फोटोत होता.

मी खाली बसले, सगळ्यांच्या देखत, आणि पाटावर दोनदा वाजवलं. संतोषनं वाजवलं. रेखानं वाजवलं. साहेब दोन्ही डोळे उघडून बघत राहिले. मला वाटलं, आता सरांच्या घरचे आम्हाला उठवतील. तेवढ्यात फोटोशेजारच्या तायडे काकूंनी हाताशी असलेली पळी उचलली आणि तांब्यावर आपटली.

"वाजवा, बापा, वाजवा," त्या ओरडून म्हणाल्या, नवऱ्याशी आयुष्यभर बोलल्या तशाच. "मौन कायचं ठेवता? त्याले कुठं ऐकू येते!"